कधी सापडतं, कधी नाही

चंद्रकला बिटलांचा हा तिसरा फोन:
"नदाफ, परत गेलंय हो. सकाळी होतं की!"

कायमचं मेलेलं यंत्र सोपं.
कपॅसिटर फुगलेला दिसतो, जळका वास येतो,
बदला म्हणायचं, मोकळं व्हायचं.
हे येतं-जातं दुखणं वाईट.
डॉक्टरपुढं बसलं की ताप उतरतो, तसं
माझ्या दुकानात, सात रस्त्याला,
चार दिवस चाललं ते.
ग्राफिक्स कार्ड सापडलं, सापडलं, सापडलं.
तेवीस वेळा बंद-चालू केलं,
वहीत तेवीस रेघा.

अशोक चौकामागं त्यांच्या घरी नेऊन लावलं
आणि पडदा काळा.
पंखे फिरतायत, दिवा हिरवा,
एक लांब बीप, दोन आखूड.
यंत्र आपलं विचारतंय, माझे डोळे कुठायत?

कार्ड काढलं. त्याचे सोनेरी दात
पोराच्या खोडरबरानं घासले.
स्लॉटवर फुंकर मारली तर
तंतू उडाले, गुलाबी, टॉवेलचे.
वाटलं, हेच.
माझ्या खापरपणज्यानं कापूस पिंजला, आजोबांनी गाद्या भरल्या,
मी स्क्रूड्रायव्हर धरला,
तरी तंतू काही नदाफांचा पिच्छा सोडत नाही.
चालू झालं.
चहा आला.
चहा संपायच्या आत गेलं.

पॉवर सप्लाय बदलून पाहिला.
ड्रायव्हर पुसून नव्यानं घातला. रॅम हलवली. बायोसची बॅटरी, बारीक केबल, खालचा स्लॉट.
प्रत्येक उपायाला ते एकदा चालायचं,
जणू माझं मन राखायला.

कोपऱ्यात खाटेवर राजेशम मामा, बाईंचे सासरे.
"काय सापडंना?"
"कार्ड."
ते खोकल्यासारखं हसले.
चाळीस वर्षं त्यांनी कार्डंच केली,
जेकार्डची, पुठ्ठ्याची. भोकं पाडायची, दोरीनं ओवायची.
एक भोक चुकलं
की चादरीवरच्या मोराला चोच नाही.
"आमचं कार्ड आम्ही उजेडाकडं धरायचो.
चूक दिसायची, चांदणीवानी."

मी हे कार्ड खिडकीकडं धरलं.
पंखा. तांबं. मागं उन्हात वाळणारे पायजमे.
बाई म्हणाल्या, सोमवारी डिझाइन द्यायचंय,
हॉटेलचे टॉवेल, काठाला द्राक्षाचा वेल.
वेल पडद्यावर अर्धाच चढलाय.

एक वाजता भिंतीपलीकडचे माग थांबले.
जेवायची सुट्टी.
सोलापुरात आवाज ऐकू येत नाही,
थांबला की तेवढा ऐकू येतो.
मी बटण दाबलं, सापडलं.
परत दाबलं. सापडलं.
अकरा रेघा.
दीडला खटखट सुरू झाली
आणि द्राक्षं गेली.

मामा उठले, एक हात भिंतीला लावला,
दुसरा कॅबिनेटच्या पत्र्याला,
कुणाची तरी नाडी बघतात तसे उभे राहिले.
"दोन्ही एकच चालतंय," म्हणाले.

बॅटरी मारून आत पाहिलं.
कार्ड जड, एका टोकाला लोंबतंय,
केसाएवढं. केसाहून कमी.
स्क्रू आवळून ते वर येईना.
मामांनी खाटेखालच्या पेटीतून कांडी काढली,
लाकडी, सुतानं झिजून गुळगुळीत,
टोकाला अजून दोन वेढे पिवळे.
ती कार्डाखाली उभी केली.
बसली, मापानं केल्यासारखी.

बिलावर कारणाचा रकाना असतो.
लूज कॉन्टॅक्ट लिहिलं.
मामांच्या मजुरीला रकाना नाही.

एकोणीस दिवस झाले, फोन नाही.
तरी छातीवर हात ठेवून सांगवत नाही.
तंतू असतील. त्या दुपारचं ऊन असेल.
खरं तर कांडी काढून एकदा पाहायला हवं होतं,
परत जातंय का.
कामाची रीत तीच.

मी हात आत घातलाही होता.
पडद्यावर वेल वरपर्यंत पोचत होता,
बाई एकेक द्राक्ष भरत होत्या.
मी झाकण लावलं.